बारा ठिपके

कुदामाती, आंबोन
४ मार्च २०२४

आदरणीय दोर्का उसी,

सप्रेम सलाम. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला टाकाल अशी भीती आहे. म्हणून आधीच सांगतो, पत्र चर्चच्या कामाचं आहे. सौमलाकीचा पत्ता पाद्रीबाईंनी दिला. फोन नंबर कुणी दिला नाही, मीही आग्रह धरला नाही.

आपल्या मंडळीचं नवं गीतपुस्तक छापायला जायचं आहे. एकूण एकशे सत्तेचाळीस गाणी. शब्दांच्या डोक्यावर गिटारच्या कॉर्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. 'घराकडे वल्हव' हे गाणं ब्याण्णवाव्या पानावर येतं. मसुद्यात त्याखाली असं छापलंय : 'चाल : मेलियानुस. शब्द : पारंपरिक.'

शब्द तुमचे होते हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तेव्हा 'पारंपरिक'च्या जागी तुमचं नाव घालावं असं मी समितीला सुचवणार आहे. चालीचा जुना विषय पुन्हा उकरायची गरज नाही, त्यातून कुणालाच काही मिळणार नाही. सोबत एक छापील कागद जोडला आहे. त्यावर सही करून पाठवावी, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको.

बाकी सगळं ठीक. ओमा बात्सेबा ऐंशीच्या झाल्या, अजून तालाच्या एक पाऊल पुढे गातात आणि बाकीचे मागे पडतात म्हणून चिडतात. गायकवृंद चांगला चालला आहे. घरून नेल्सीने तुम्हाला सलाम सांगितला आहे.

आपला नम्र,
वेलेम नानलोही


कुदामाती
२ मे २०२४

आदरणीय दोर्का उसी,

तुमच्याकडून उत्तर आलं नाही. जहाजाच्या टपालाचा भरवसा नसतो म्हणून पुन्हा लिहितो.

खरं सांगायचं तर मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. गेल्या आठवड्यात ब्याण्णवावं पान समोर घेतलं. पहिल्या दोन ओळींवर कॉर्ड लिहिल्या. तिसऱ्या ओळीत 'आई' या शब्दावर एफ मायनर लिहायचा होता. लिहिला, आणि नजर खाली गेली, तर 'चाल : मेलियानुस.' पुढे काही लिहवेना. पेन्सिल ठेवून दिली ती आजपर्यंत उचललेली नाही. छपाईवाला रोज विचारतो.

तुम्हाला आठवत असेल, ओसरीवर गिटार वाजवणारे आपले म्हातारे ओपा मेलियानुस वारल्यावर त्यांच्या जुन्या कॅसेटी मंडळीने माझ्याकडे दिल्या होत्या, संगणकात उतरवून घ्यायला. त्या वेळी माझ्याकडे एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते गिटारची एक अख्खी कॉर्ड घेऊन तिचे सूर सुटे करून दाखवायचं. पडद्यावर प्रत्येक सुराचा एक ठिपका. तो ठिपका माउसने वर किंवा खाली सरकवला की तेवढा एकच सूर बदलतो, बाकीचे जागच्या जागी. ध्वनी साफ करताना अशा गोष्टी हाताळाव्या लागतात. नवीन यंत्र, सवय नव्हती, त्यामुळे त्या टेपमध्ये ओपांची एक कॉर्ड चुकून बदलली गेली असावी, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. एफ मेजरची एफ मायनर, उजळ कॉर्डची उदास. म्हणजे तेव्हा गीतस्पर्धेच्या समितीसमोर वाजवलेल्या फायलीत कदाचित दोष होता.

हे आधी लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं. त्याबद्दल वाईट वाटतं.

आपला,
वेलेम


कुदामाती
१७ जून २०२४

दोर्का उसी,

तुझं उत्तर मिळालं. मी सहीसाठी पाठवलेला कागद परत आला, सही न करता, आणि त्याच्या पाठीवर तुझ्या त्या उभट अक्षरात चार शब्द. "वेलेम, चुकून किती वेळा?"

पाकीट पोस्टातच फोडलं होतं. वाचून तिथल्या बाकावर बसलो. शेजारी एक बाई पार्सल बांधत होती, ती म्हणाली, "काय हो, कुणी गेलं का?" मी नाही म्हणालो.

तुला मी तुम्ही-तुम्ही लिहीत होतो. लहानपणापासून तुला थोरल्या बहिणीसारखं 'उसी, तू' म्हणत आलो; तुम्ही म्हटलं की मधे भिंत उभी राहते आणि भिंतीआडून खोटं बोलायला सोपं जातं. नेल्सीचा सलामही खोटा होता. मी तुला लिहितोय हे तिला माहीत नव्हतं.

तर, किती वेळा. बारा वेळा.

ओपांनी ती चाल टेपवर तीन फेऱ्यांत वाजवली आहे. प्रत्येक फेरीत ती कॉर्ड चारदा छेडली आहे. तीन चोक बारा ठिपके. चुकून एक ठिपका सरकतो. बारा सरकत नाहीत. हे तुला कळणार हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मला मोजायला तूच शिकवलंस.

आता सगळं लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा होणार नाही.

२०१२ च्या मार्चमध्ये तू गाणं ध्वनिमुद्रित करायला माझ्याकडे आलीस. किनाऱ्यावरच्या सगळ्या मंडळ्यांची ती गीतस्पर्धा, आठवतं? मीही गाणं दिलं होतं. तू आमच्या मागच्या खोलीत बसलीस, भिंतीला अंड्यांचे खोके चिकटवलेल्या, आणि गायलीस. तिसऱ्या ओळीत होडी किनाऱ्याला लागते आणि आई दारात नसते, तिथे तू एफ मेजर धरलास आणि मग तो एकदम मायनर झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू हसलीस. म्हणालीस, "अरे रडतोस काय, एकच बोट उचललंय!"

एकच बोट. तोवर वीस वर्षं मी गिटार वाजवत होतो, ते बोट माझ्याकडून कधी उचललं गेलं नव्हतं. तू गेल्यावर मी माझं गाणं काढून ऐकलं. सगळं बरोबर होतं त्यात. बरोबर आणि मेलेलं. दुसऱ्या दिवशी समितीच्या एकाने खाजगीत सांगितलं, "पहिली दोर्का, दुसरा तू. मनाला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "छे छे, ती माझी उसीच आहे."

त्या आठवड्यात ओपांच्या कॅसेटी उतरवत होतो. चौथ्या कॅसेटमध्ये ओपा त्यांच्या ओसरीवर एक बिननावाची चाल वाजवत होते. ऐकताच कळलं की तुझ्या गाण्याची ती चुलत बहीण आहे. साहजिकच आहे. तू नऊ वर्षांची असल्यापासून त्या ओसरीवर बसायचीस, मीही बसायचो. त्यांच्या बोटांतलं थोडं आपल्या दोघांच्या बोटांत उतरणारच. पण ओपा तिथे साधा सरळ एफ मेजर वाजवत होते. आनंदी होडी, घरी पोचलेली. ती आई नसण्याची जागा फक्त तुझी होती.

दुपारचे बारा वाजले होते. नेल्सी स्वयंपाकघरात माशाचा पिवळा रस्सा करत होती. मी सॉफ्टवेअर उघडलं आणि ओपांच्या कॉर्डमधला मधला सूर अर्धी पायरी खाली ओढला. मी तेव्हा स्वतःला सांगितलं, बघू तरी कसं वाटतं. वाजवलं. चुलत बहीण जुळी झाली होती.

तिथे थांबलो असतो तर ती गंमत झाली असती. मी थांबलो नाही. पहिल्या फेरीतले चार ठिपके ओढले, आवाज पत्र्यासारखा येत होता, तो मऊ केला. मग दुसऱ्या फेरीतले चार. तिसऱ्या फेरीत ओपांना खोकला आला आहे, नेमका त्या कॉर्डवर. खोकल्याला धक्का न लावता त्याच्या खालची कॉर्ड बदलायला मला दीड तास लागला. तो खोकला मी फार जपला, उसी. तो राहिला तर कुणी शंका घेणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे मी काय करतोय हे मला पूर्ण ठाऊक होतं. मेलेल्या माणसाचं बोट मी तारेवरून उचलत होतो, आणि उचललेलं दिसू नये म्हणून काळजी घेत होतो.

नेल्सी हात पुसत दारात आली. "ओपा कधी असं वाजवायचे?" मी म्हटलं, "म्हातारपणी." ती म्हणाली, "किती दुखतं ऐकायला," आणि परत गेली.

समितीच्या बैठकीचं तुला सांगायची गरज नाही, पण मी ते लिहिलंच पाहिजे. टेबलावर कॉफी होती, नीरफणसाचे तळलेले काप होते. मी खाली बघून म्हटलं, "मला सांगताना जड जातंय." आणि फाईल लावली. ओपांचा आवाज ऐकून दोघा म्हाताऱ्यांनी डोळे टिपले.

तू म्हणालीस, "हे ओपा नाहीत."

अध्यक्ष म्हणाले, "असं काय बोलतेस? खोकलासुद्धा त्यांचाच आहे."

"खोकला त्यांचा आहे. कॉर्ड त्यांची नाही."

"मग काय, त्यांनी उठून येऊन साक्ष द्यायची का?"

तू माझ्याकडे वळलीस. रागाने नाही. तुला वाटत होतं की मी सोडवीन. "वेलेम, मूळ कॅसेट आण. आत्ता आण."

मी म्हटलं, "बुरशी लागली होती, उसी. टाकून दिली."

टाकली नव्हती. माझ्या कपाटात होती, आजही आहे.

तुझं नाव यादीतून काढलं. माझ्या गाण्याला पहिलं बक्षीस मिळालं. एका वर्षात माझं गाणं सगळे विसरले. तुझं गाणं मात्र ओपांच्या नावाने गावोगाव गेलं. लग्नात, मयतीला, होड्यांच्या शर्यतीला. तू गायकवृंद सोडलास आणि पावसाळा संपायच्या आत सौमलाकीच्या जहाजात बसलीस. तुझी जागा मला दिली. मागच्या पत्रात 'गायकवृंद चांगला चालला आहे' असं लिहिलं, पण कोण चालवतो ते लिहिलं नाही. मी चालवतो. दर रविवारी तुझ्या जागेवर उभा राहून हात हलवतो, आणि महिन्यातून दोनदा तरी तुझं गाणं म्हणवून घेतो, कारण लोक मागतात.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. ते मागायचीही लाज वाटते. मी काय करू तेवढं सांग.

वेलेम


सौमलाकी
२१ जुलै २०२४

वेलेम,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वर्गात वाचलं, मुलं गणितं सोडवत होती तेव्हा. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही कशाला मोजताय?" बोटं आपोआप चालली होती.

तू बारा लिहिलंस. तुझं मे महिन्यातलं पत्र वाचून मला वाटलं होतं चार. पहिल्या फेरीत केलं असशील आणि तेवढीच फीत वाजवली असशील, असं मी धरलं होतं. त्या दिवशी मी पुरतं ऐकलंच नव्हतं. कानात रक्त वाजत होतं.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. बैठकीत मी म्हणाले, कॉर्ड त्यांची नाही. तेव्हा मला खात्री होती. घरी पोचेपर्यंतही होती. आईने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग इथे आले आणि सहा महिन्यांनी ती खात्री गेली. तू खोटं करशील हे माझ्या मनातच येईना. तुला मी गिटार धरायला शिकवलं होतं. मग उरलं काय? की मीच चुकले. लहानपणी ओसरीवर ऐकलं असेल, पोटात कुठेतरी राहिलं असेल, आणि तीस वर्षांनी माझं म्हणून बाहेर आलं असेल. असं होतं माणसांचं. मी मनाशी ते मान्य केलं. ओपांची माफी मागितली. एकदा नाही, प्रत्येक ईस्टरला, स्मशानात मेणबत्त्या लावतात तेव्हा, दुसऱ्या कुणाच्या तरी थडग्यापाशी उभी राहून, कारण त्यांचं थडगं तिकडे.

आई वारली तेव्हा तिला वाटत होतं की तिच्या मुलीने चोरी केली. मीच तिला फोनवर सांगितलं होतं, "आई, बहुतेक मीच घेतली असेल." ती म्हणाली, "जाऊ दे, बाळा."

इथल्या चर्चने गायकवृंद घ्या म्हणून दोनदा विचारलं. मला गाण्यातलं काही कळत नाही असं सांगितलं. चाली यायच्या, अजून येतात. कपडे वाळत घालताना येतात. आली की मी विचारते, ही कुणाची? आणि उत्तर मिळायच्या आत सोडून देते. गेल्या बारा वर्षांत एकही पुरी केली नाही.

तू मोजून बारा लिहिलंस, म्हणून हे लिहिलं. माझ्याकडचा आकडा मला माहीत नाही.

काय करू विचारलंस. मला ओपांची ती चाल ऐकायची आहे, त्यांनी वाजवली तशी. फाईल पाठवू नकोस. तुझ्या कुठल्याही फायलीवर माझा विश्वास बसणार नाही, ती खरी असली तरी. कॅसेट पाठव. इथे धक्क्याजवळ एका दुकानदाराकडे जुना टेपरेकॉर्डर आहे, चालतो.

बाकी तुझं तू बघ. मी तुला काय करायचं ते सांगणार नाही. तेवढं तरी तू स्वतः कर.

दोर्का


कुदामाती
१९ ऑगस्ट २०२४

दोर्का उसी,

कॅसेट या पत्राबरोबर पाद्रीबाईंच्या भाच्याच्या हाती देतो आहे. पोस्टाने पाठवायचं धाडस झालं नाही. तो जहाजावरच काम करतो, तुझ्या हातात देऊनच पुढे जाईल. पाठवायच्या आधी ती फक्त एकदा वाजवली, दोन रविवारांपूर्वी, सगळ्यांसमोर.

आधी नेल्सीला सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती तांदूळ निवडत होती, ते ताट तिने बाजूला ठेवलं. म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. ओपा कधी असं वाजवायचे म्हणून."

"हो."

"तू म्हणालास, म्हातारपणी. आणि मी ते बारा वर्षं लोकांना सांगत फिरले. बाजारात सांगितलं. दोर्काच्या आईलाही सांगितलं, वेलेम. ती घर विकत होती तेव्हा मी म्हटलं तिला, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, ओपा म्हातारपणी असंच वाजवायचे."

ती उठून बहिणीकडे गेली. आठ दिवसांनी आली, पण अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मग पाद्रीबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लिहून द्या, सूचना वाचताना मी वाचते. लोकांना सांभाळून सांगता येईल." मला ते किती हवंसं वाटलं! हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग तुझं शेवटचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "नाही, मीच सांगतो. आणि सांभाळून नको."

त्या रविवारी उपासना संपल्यावर, पिकनिकची आणि वर्गणीची सूचना झाल्यावर, मी पुढे गेलो. एरवी तिथे लोकांकडे पाठ करून उभा असायचो. तोंड करून उभं राहणं वेगळं आहे. शंभर-सव्वाशे माणसं. कागद नेला होता, तो वाचता आला नाही. एवढंच म्हणालो, "'घराकडे वल्हव'ची चाल दोर्का पात्तिवाएलची आहे. ओपांच्या टेपमध्ये मी संगणकाने कॉर्ड बदलली आणि तिला चोर ठरवलं. मुद्दाम केलं. मला पहिला नंबर हवा होता." मग चर्चच्या स्पीकरवर आधी माझी फाईल लावली. नंतर माइकपुढे टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट लावली.

लोकांना सूर-बिर कळत नाही असं आपण समजतो. तिसऱ्या ओळीत ओपांचा एफ मेजर आला तेव्हा मागच्या बाकांवरून 'अरे' असा आवाज आला. सगळ्यांना कळलं. बारा वर्षं ते त्या जागी रडत होते, आणि ओपा तिथे मजेत घरी पोचले होते.

पहिल्या उठल्या ओमा बात्सेबा. काठी आपटत मधल्या वाटेत आल्या.

"म्हणजे आम्ही चोरीचं गाणं म्हणत होतो?"

"हो, ओमा."

"आणि ज्याने चोरलं तोच समोर उभा राहून आम्हाला हात दाखवायचा? 'ओमा, थोडं हळू. ओमा, इथे भाव आणा'?"

कुणीतरी हसलं. ओमा त्याच्याकडे वळल्या. "हसतोस काय? तू होतास त्या समितीत. कॅसेट कुठाय म्हणून तू तरी विचारलंस का?" अध्यक्ष आता फार थकले आहेत, चाकाच्या खुर्चीत असतात. ते रडू लागले. मी त्यांच्याजवळ गेलो तर त्यांनी हात हलवून मला दूर केलं.

गायकवृंद माझ्याकडून काढला. काढायच्या आधी मी सोडायला हवा होता, ते सुचलं नाही, आणि ही आणखी एक लाज. मागच्या खोलीत आता कुणी येत नाही. केशकर्तनालयात परवा एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "बुंग वेलेम, अहो दादा, तुमच्याकडे रेकॉर्ड केलं तर आवाज आमचाच राहतो ना?" सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. म्हणजे, लिहिताना तो विचार मनात येऊन गेला, म्हणून सांगून टाकतो.

ब्याण्णवावं पान बदललं. शब्द आणि चाल : दोर्का पात्तिवाएल. यासाठी तुझी सही कुणी मागितली नाही.

तुझ्या आईबद्दल काय लिहू? तिथे माझं पत्र चालतच नाही. काल दुपारी तिच्या थडग्यापाशी गेलो होतो. सगळं मोठ्याने सांगितलं. शेजारी गवत काढणाऱ्या माणसाने काम थांबवून ऐकलं आणि मग खाली मान घालून परत काढायला लागला.

वेलेम


कुदामाती
३० सप्टेंबर २०२४

दोर्का उसी,

तू येऊन गेलीस आणि आता मी हे लिहितो आहे. याचं उत्तर नको.

तू येणार हे मला नेल्सीकडून कळलं. पाद्रीबाईंनी मंडळीला सांगितलं, मला सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं. धक्क्यावर आलो नाही. टेकडीवरून जहाज दिसतं, तिथूनही पाहिलं नाही. घरातच बसून राहिलो, पण भोंगा घरातही ऐकू येतो.

बुधवारी तालमीला तू जाणार हे साऱ्या कुदामातीला ठाऊक होतं. संध्याकाळी पाचला मी चर्चपाशी आलो. आत यायचं नव्हतं. पायऱ्यांच्या बाजूला, चपला काढतात तिथे उभा राहिलो. तू आत काय केलंस ते तुला ठाऊक आहेच. बाहेर ते कसं आलं, तेवढं लिहितो.

आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग ओमा बात्सेबांचा, "ये गं ये, वाळलीस किती! तिकडे पापेडाची लापशी खायला मिळत नाही का?" मग तुझं हसणं. बारा वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं, आणि ऐकायचा मला हक्क नव्हता.

कुणीतरी म्हणालं, "उसी, 'घराकडे वल्हव' घ्या."

तू म्हणालीस, "ते नको. ते तुम्ही खूप म्हटलंत." तारा लावल्याचा आवाज आला. "एक दुसरं आहे. पुरं नाही. कॅसेट ऐकल्यावर परत येताना जहाजात सुचलं. दोनच ओळी आहेत."

तू गिटारवर पहिली ओळ वाजवलीस. हळू गायलीस. त्यात काही चमत्कार नव्हता, एक साधी चढण आणि उतरण. मला वाटलं आता तू पुढे जाशील. तू थांबलीस.

"हे कुणी आधी ऐकलंय?"

पहिल्यांदा लोकांना प्रश्नच कळला नाही. तू पुन्हा विचारलंस, वर्गात विचारावं तसं, एकेकाला. "नेल्सी, तू ऐकलंयस? कुठेही. रेडिओवर, लग्नात."

"नाही, उसी."

"ओमा?"

"नाही गं. ऐंशी वर्षांत नाही."

"तू?" "नाही." "तू?" "नाही, उसी." वीस माणसांना तू विचारलंस. वीस जणांनी नाही म्हटलं. मग तू दुसरी ओळ गायलीस आणि पुन्हा सगळ्यांना विचारलंस. नेल्सीने घरी येऊन सांगितलं की दुसऱ्या वेळी कुणाचं तरी रडू फुटलं. मी बाहेर होतो, मला ते वेगळं ऐकू आलं नाही. मला फक्त तो प्रश्न ऐकू येत होता. तो प्रश्न तुझ्या तोंडी मी घातला होता. बारा ठिपके ओढायला मला दुपार लागली होती, आणि तू स्वतःच्या दोन ओळी गाताना वीस माणसांची साक्ष घेत होतीस.

मी निघायला वळलो तोच तू दारात आलीस. वाऱ्यासाठी दार उघडायला आली असशील. गिटार हातातच होती. केस पांढरे झालेत तुझे, हे मी तेव्हा पाहिलं. मला वाटलं तू दार लावून घेशील, किंवा जा म्हणशील. मी त्याच्यासाठी तयार होतो.

तू म्हणालीस, "आलं का ऐकू बाहेर?"

"हो."

"तू ऐकलंयस आधी?"

ओपांची प्रत्येक कॅसेट मी ऐकली आहे, उसी. ओसरीवरची प्रत्येक चाल मला पाठ आहे. या शहरात या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं नीट देऊ शकेल असा दुसरा माणूस नाही. मी म्हणालो, "नाही. कुठेच नाही. ही तुझी आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग आत वळलीस आणि तुला विचारताना मी ऐकलं, "ओमा, नक्की ना? पुन्हा एकदा म्हणते, नीट ऐका."

बरोबर केलंस.

वेलेम